मणक्याचं ऑपरेशन आणि ‘दुर्बीण’ नावाची गल्लत

गादी सरकली, पाय बधिर पडायला लागला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, की घरातून पहिला प्रश्न येतो: ‘दुर्बिणीतून होईल ना?’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. सर्जनच्या डोळ्यांपुढचा मायक्रोस्कोप, स्नायूंमधून सरकवलेली नळी आणि पेन्सिलीएवढा एंडोस्कोप. तिघांचा जन्म वेगवेगळ्या काळातला.

सुरुवात बोस्टनमध्ये झाली. मणक्यांमधल्या गादीचा बाहेर आलेला तुकडा त्याआधी ऑपरेशनमध्ये सापडला, तरी तो ‘कॉन्ड्रोमा’ म्हणजे कूर्चेची गाठ म्हणून नोंदवला जाई. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातल्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी ही गाठ नव्हे, फुटलेली गादीच आहे हे दाखवून दिलं. त्यांचा लेख 1934 साली आला आणि सायटिकावर ऑपरेशनचा रस्ता खुला झाला. रस्ता मात्र रुंद होता. पाठीवर लांब छेद, कण्याला चिकटलेले स्नायू खरवडून बाजूला, मणक्याची मागची कमान काढायची आणि मग आत पोहोचायचं. पाठीच्या ऑपरेशनचा धसका आजही ज्या घरांत आहे, तिथे मनात चित्र असतं ते याच ऑपरेशनचं.

हे ऑपरेशन आक्रसायला फार वेळ लागला नाही. मेयो क्लिनिकच्या ग्राफ्टन लव्ह यांनी 1930चं दशक संपता संपता कमान जवळजवळ शाबूत ठेवून, दोन कमानींच्या फटीतून गादी काढायला सुरुवात केली. मोठी उडी 1977ची: झ्युरिकचे यासरगिल आणि जर्मनीतले कास्पार यांनी मायक्रोस्कोपखाली गादी काढण्याची पद्धत त्याच एका वर्षी स्वतंत्रपणे मांडली. पुढच्या वर्षी लास व्हेगासच्या रॉबर्ट विल्यम्स यांचा लेख आला. छेद दोन-तीन सेंटिमीटरवर आला. म्हणजे आज जाहिरातीत ‘ओपन’ म्हणून ज्याला नावं ठेवली जातात, ते बहुतेकदा हेच आधीच लहान झालेलं ऑपरेशन असतं. तुलना मात्र 1934च्या चित्राशी केली जाते.

दुसरी वाट चाकूच टाळणारी होती, आणि ती पपईतून निघाली. कच्ची पपई लावली की मटण लवकर शिजतं, हे आपल्या स्वयंपाकघरांत ठाऊक आहेच. 1956 साली लुईस थॉमस यांनी पपईतलं पपेन सशांना टोचलं, तर त्यांचे ताठ कान लोळागोळा झाले. कूर्चा सैल पडली होती. मग गादी का नाही? लायमन स्मिथ यांनी पपईतलंच कायमोपपेन 1960च्या दशकात गादीत टोचून पाहिलं. अमेरिकेत 1982 साली त्याला मान्यताही मिळाली. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, मोजक्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि 2003 साली अमेरिकेतली विक्री थांबली. तरी बाजूने सुई घालून गादीपर्यंत जाता येतं, हा धडा उरला. जपानमध्ये हिजिकाता यांनी 1975 साली त्याच वाटेने नळी घालून गादीचा भाग काढला. फिलाडेल्फियाच्या परविझ कांबिन यांनी मज्जातंतूला धक्का न लावता शिरता येईल असा त्रिकोण दाखवला. आजचा एंडोस्कोप त्यातूनच जातो, अनेकदा जागेवरची भूल देऊन. पायात कळ गेली तर जागा असलेला रुग्णच सांगतो.

नळीचं कारण निराळं आहे. 1990च्या दशकात जपानी संशोधकांनी दाखवलं, की स्नायू ताणून धरणाऱ्या रिट्रॅक्टरच्या दाबाने आणि त्याला लागणाऱ्या वेळाने पाठीचे स्नायू जखमी होतात. खरा प्रश्न त्वचेवरच्या व्रणाचा नव्हताच. मेम्फिसच्या केव्हिन फोली यांनी 1997च्या सुमारास एकात एक नळ्या सरकवत स्नायूंचे तंतू न कापता फाकवण्याची पद्धत आणली.

मग फायदा किती? नेदरलँड्समध्ये 328 रुग्णांवर नळी आणि मायक्रोस्कोप यांची तुलना झाली. 2009 साली निकाल आला: नळी सरस ठरली नाही, उलट पाय-कंबरदुखीत किंचित मागे पडली. त्याच देशात एंडोस्कोपची चाचणी 613 रुग्णांवर झाली आणि 2022 साली तो मायक्रोस्कोपच्या ऑपरेशनपेक्षा कमी नाही असं दिसलं. गादीपुरतं बोलायचं तर हा फरक फारसा नाही, असं माझं मत.

मणके जोडण्याच्या ऑपरेशनमध्ये चित्र बदलतं. राल्फ क्लॉवर्ड यांनी होनोलुलूमध्ये 1940च्या दशकात रुळवलेली, आणि मूळ गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मुंबईत पुढे नेलेली, पाठीमागून मणके जोडण्याची पद्धत स्नायूंवर बराच भार टाकते. तिथे नळीतून काम केलं तर रक्तस्राव कमी होतो, घरी लवकर जाता येतं; दीर्घकाळचे निकाल मात्र जवळपास सारखे. आणि डोळ्यांना जे दिसत नाही ते एक्स-रेवर पाहावं लागतं, म्हणून अशा ऑपरेशनमध्ये सर्जन तासन् तास शिशाचा ॲप्रन घालून उभा असतो.