कामगार कपात भरपाई

कामगाराची काही चूक नसताना, शिक्षा म्हणून नव्हे तर मालकाने स्वतःच्या कारणासाठी त्याला कामावरून कमी केले, तर कायद्याने त्याला द्यावी लागणारी रक्कम. विदर्भातल्या जिनिंगमध्ये, डाळमिलमध्ये किंवा भातगिरणीत तिला या नावाने क्वचितच कोणी ओळखते. तिथे एकच शब्द चालतो : हिशेब. मुनीम ‘हिशेब घेऊन जा’ म्हणतो, तेव्हा राहिलेला पगार, रजेचे पैसे, बोनस, ग्रॅच्युइटी आणि ही भरपाई एकाच आकड्यात धरली आहे असे समजायचे असते. प्रत्यक्षात त्या आकड्यात भरपाई धरलेलीच नसते, असे वारंवार घडते. म्हणून ती वेगळी काढता येणे महत्त्वाचे.

ही भरपाई औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये मुळात नव्हती. कापडगिरण्यांत माल पडून राहू लागला, कामगार घरी बसवले जाऊ लागले, तेव्हा १९५३ च्या दुरुस्तीने ती आणली. २४ ऑक्टोबर १९५३ पासून ती लागू झाली. पुढे बार्शी लाइट रेल्वेच्या कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की धंदाच बंद होणे किंवा दुसऱ्याच्या ताब्यात जाणे ही ‘कपात’ नव्हे. ही फट बुजवायला १९५७ मध्ये कारखाना बंद झाल्यावर आणि हस्तांतरणानंतरही भरपाई देण्याची तरतूद झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. भरपाईचे मूळ सूत्र मात्र तेच राहिले आहे.

ते सूत्र असे : अखंड सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटचा तुकडा सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर तेही पूर्ण वर्ष धरायचे. सहा महिने किंवा कमी असेल तर सोडून द्यायचे. दिवसांची संख्या बदलण्याची मुभा संहितेने सरकारला दिली आहे. कामगाराच्या वयाचा या हिशेबाशी संबंध नाही. ब्रिटनमध्ये १९६५ पासून अशी भरपाई आहे, पण तिथे वय पाहून वर्षामागे अर्धा, एक किंवा दीड आठवड्याचा पगार धरतात आणि वीसपेक्षा जास्त वर्षे मोजत नाहीत. आपल्याकडे वर्षांना अशी मर्यादा नाही. तीस वर्षे गिरणीत काढलेल्याला तीसही वर्षांचे मिळायला हवेत.

सरासरी पगार म्हणजे शेवटचा पगार नव्हे. महिन्यावर काम करणाऱ्याचे आधीचे तीन पूर्ण महिने, आठवड्यावर असलेल्याचे चार पूर्ण आठवडे आणि रोजंदाराचे कामाचे बारा पूर्ण दिवस घेऊन ती काढतात. पगारात काय धरायचे हे नव्या संहितेत बदलले आहे. जुन्या कायद्यात घरभाडे भत्ताही पगारात येत असे. आता मूळ पगार, महागाई भत्ता आणि राखण भत्ता (काम नसलेल्या काळात कामगाराला राखून ठेवण्यासाठी दिलेला) हे पगार, आणि बाकीचे भत्ते बाहेर. मात्र बाहेर ठेवलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त होत असतील तर जास्तीचा भाग परत पगारात मिळवावा लागतो. पगारपत्रकावर मूळ पगार मुद्दाम तुटपुंजा दाखवण्याची जुनी रीत त्यामुळे पूर्वीइतकी उपयोगी राहिलेली नाही, हे चांगलेच झाले.

एक हिशेब मांडून पाहू. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमधला बारमाही फिटर १ जून २०१४ ला लागला आणि ३१ जानेवारी २०२६ ला त्याला कमी केले. सेवा ११ वर्षे ८ महिने, म्हणजे १२ वर्षे धरायची. ऑक्टोबरचा पगार १४,४०० रुपये, नोव्हेंबर आणि डिसेंबरचा प्रत्येकी १५,३००. तिन्हींची सरासरी १५,०००. तिचे निम्मे ७,५००, गुणिले १२, म्हणजे भरपाई ९०,००० रुपये. एक महिना आधी लेखी नोटीस दिली नसेल तर नोटिशीचा पगार १५,३०० वेगळा. ग्रॅच्युइटीही वेगळीच, आणि तिचे गणित निराळे : शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे सुमारे १,०५,९२३ रुपये. इथे गल्लत होते ती २६ आणि ३० ची. ग्रॅच्युइटीत महिना २६ दिवसांचा धरतात, कपात भरपाईत नाही; १५ दिवसांचा सरासरी पगार म्हणजे महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग, असे सर्वोच्च न्यायालयाने गुरू जंभेश्वर विद्यापीठाच्या प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट केले. कामगाराने २६ ने भागून जास्त मागितले तर ते टिकत नाही. उलट मालकाने ‘ग्रॅच्युइटी दिली, आता भरपाई कशाची?’ म्हटले तर तेही टिकत नाही. दोन्ही देणी स्वतंत्र आहेत.

इथवरचे गणित सातवीतला मुलगाही करील. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतला खरा पेच त्याच्या अलीकडे आहे : सेवा ‘अखंड’ ठरते का? कमी करण्याच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेले असले, की वर्षाची अखंड सेवा धरतात. जमिनीखालच्या खाणीत १९० दिवस पुरतात. भंडाऱ्याकडच्या मॅंगनीजच्या आणि चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळशाच्या भूमिगत खाणींना ही सवलत लागते, आणि खाणकामगाराची तक्रार राज्याच्या नव्हे तर केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जाते. पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या २४० मध्ये मोजायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या प्रकरणात ठरवले. भरपगारी रजा, कामावरच्या अपघाताने घरी काढलेले दिवस, बाळंतपणाची रजा आणि कापूस किंवा वीज नाही म्हणून मालकाने घरी बसवलेले दिवसही मोजले जातात.

रविवारची गोष्ट किरकोळ वाटते, पण निकाल तिच्यावर फिरतो. लांबलेल्या हंगामात एखादा गडी १ नोव्हेंबर २०२५ ते ३० जून २०२६ रोज कामावर होता असे समजा. दिवस होतात २४२. त्यातले ३५ रविवार पगारी असतील तर तो २४० च्या पार जातो; बिनपगारी असतील तर २०७ वर अडकतो आणि भरपाईचा दरवाजा बंद. दोन्ही माणसांनी सरकी तेवढीच उपसली, गाठी तेवढ्याच वाहिल्या. फरक पगारपत्रकावरच्या एका रकान्याचा.

दिवाळीला सुरू होऊन उन्हाळ्यात संपणाऱ्या जिनिंगच्या मजुराला बहुतेक वेळा ही भरपाई मिळत नाही, त्याचे कारण हेच. शिवाय हंगाम संपला म्हणून काम थांबणे ही कपात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सांगितले. त्याच निकालात कारखान्याला हंगामी कामगारांची नोंदवही ठेवून पुढच्या हंगामात ज्येष्ठतेप्रमाणे बोलावण्यास सांगितले होते. निकालाचा हा उत्तरार्ध गावात कोणी कामगाराला सांगत नाही. मुदतीच्या नेमणुकीचा काळ संपल्यावर जाणाऱ्यालाही कपात भरपाई नाही, आणि संहितेने अशा नेमणुकांना मोकळी वाट दिल्याने पुढे ही अडचण वाढणार आहे. २३०-२३५ दिवस झाले की ‘ब्रेक’ देऊन आठवड्याने त्याच माणसाला परत घेणे ही मात्र वेगळी गोष्ट. कायम कामगाराचे हक्क देऊ नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे बदली कामगार (दुसऱ्याच्या जागी तात्पुरता) किंवा रोजंदार ठेवणे ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे.

दिवस भरले हे सिद्ध करायचे कोणी? कामगाराने. कर्नाटकच्या वनखात्यातल्या एका रोजंदाराच्या प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भार त्याच्यावर टाकला. नुसते शपथपत्र पुरणार नाही म्हटले. मेळघाटात किंवा गडचिरोलीत रोपवाटिकेवर राबणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल, कारण मस्टर, म्हणजे हजेरीपट, त्याच्या हातात कधीच नसते. २००५ च्या यल्लट्टी निकालाने थोडा आधार दिला : कामगाराने साक्ष द्यावी, मालकाकडून हजेरीपट मागवावेत, आणि ते दडवले तर न्यायालय प्रकरण पाहून मालकाविरुद्ध अनुमान काढू शकते. म्हणून भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक, ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) नोंद, बँकेत जमा झालेला पगार, फाटका का होईना गेटपास, हजेरीकार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो, हे सगळे काम चालू असतानाच जपायला हवे. काम सुटल्यावर मस्टरची झेरॉक्स कोणी देत नाही.

भरपाई कपातीच्या वेळीच द्यायची असते, ‘कापूस विकला की देऊ’ म्हणून नाही. नोटीस किंवा तिचा पगार आणि भरपाई दिल्याशिवाय केलेली कपात बेकायदा ठरते, हे १९६० च्या हॉस्पिटल मजदूर सभा निकालापासून पक्के आहे. पूर्वी अशा कामगाराला मागील पगारासह कामावर परत घेण्याचा आदेश सहज होई. अलीकडे, विशेषतः रोजंदारांच्या बाबतीत, न्यायालये एकरकमी पैशांवर भागवतात. एकाच कामावरच्या माणसांत शेवटी आलेला आधी काढायचा, वेगळे करायचे तर कारण लिहून ठेवायचे, आणि पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारायचे, हेही बंधन आहे. ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, खाणीत वा मळ्यात सरकारची पूर्वपरवानगी लागते; १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली होती. कामगार कमी आहेत म्हणून भरपाई मात्र चुकत नाही. बारा माणसांच्या डाळमिललाही ती द्यावीच लागते.

कारखाना कायमचा बंद झाला तरी दर तोच. बंद पडण्याचे कारण खरोखर मालकाच्या हाताबाहेरचे असेल तरच रक्कम तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरती मर्यादित होते. धंद्यात खोट आली, माल पडून राहिला, एवढी कारणे त्याला पुरत नाहीत. हिंगणघाट, पुलगाव, अचलपूर अशा गिरणीच्या गावांत वाढलेल्यांना हे कलम माहीत असायला हवे.

संहितेने एक नवी रक्कम जोडली आहे. प्रत्येक कपातीमागे मालकाने कामगाराच्या १५ दिवसांच्या शेवटच्या पगाराइतके पैसे कौशल्य निधीत भरायचे आणि ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. वरच्या फिटरच्या बाबतीत ते ७,६५० रुपये होतात. भरपाईशी त्यांची वजावट होत नाही.

पैसे मिळाले नाहीत तर पहिला अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे करायचा. ४५ दिवसांत तोड निघाली नाही तर कामगाराला थेट न्यायाधिकरणात जाता येते, मात्र काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षे होती.