वेबपत्त्यातून फाइलचे नाव काढताना

वेबपत्त्यातून फाइलचे नाव काढणे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेमध्ये दोन मेथडचे (तयार आज्ञांचे) काम वाटते: लास्टइंडेक्सऑफने शेवटची तिरपी रेघ (/) शोधायची आणि सबस्ट्रिंगने तिच्यापुढचा मजकूर उचलायचा. परंतु पत्ता म्हणजे नुसती अक्षरांची माळ नव्हे. त्याची रचना २००५ सालच्या आरएफसी ३९८६ या मानकाने ठरवून दिली आहे. प्रोटोकॉल आणि सर्व्हरचे नाव यांच्यामागून पाथ (सर्व्हरवरचा मार्ग) येतो, प्रश्नचिन्हापुढे क्वेरी (सर्व्हरला दिलेली जादा माहिती) आणि # या चिन्हापुढे फ्रॅगमेंट (पानातला ठरावीक भाग). फाइलचे नाव, असलेच तर, पाथच्या शेवटच्या तुकड्यात असते. पत्त्याचा शेवट ‘अहवाल.पीडीएफ?परत=/मुख्य’ असा असेल, तर वरची युक्ती ‘मुख्य’ हेच नाव हाती देते; कारण क्वेरीतही तिरपी रेघ चालते.

म्हणून पत्ता आधी यूआरआय या क्लासकडे, म्हणजे पत्त्याचे भाग वेगळे करणाऱ्या जावाच्या तयार घटकाकडे, सोपवावा आणि त्याच्याकडून फक्त पाथ घ्यावा. यूआरएल क्लासमधल्या गेटफाइल या मेथडच्या नावावर मात्र विसंबू नये, कारण ती पाथसोबत क्वेरीही परत करते.

खरी मेख पुढे आहे. पत्त्यात थेट लिहिता न येणारी अक्षरे टक्क्याच्या चिन्हाने सांकेतिक केलेली असतात. ‘क’ हे एक अक्षर यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते आणि पत्त्यात ‘%ई०%ए४%९५’ असे ९ चिन्हांचे होते. यूआरआयची गेटपाथ ही मेथड हे संकेत उलगडून देते, पण नावातच सांकेतिक तिरपी रेघ (%२एफ) असेल, तर उलगडल्यावर ती खऱ्या रेघेसारखीच दिसते आणि नाव भलतीकडेच तुटते. त्यामुळे गेटरॉपाथने मूळ पाथ घ्यावा, शेवटचा तुकडा तोडावा आणि मगच तो उलगडावा. हा क्रम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. उलगडण्यासाठी सर्रास वापरला जाणारा यूआरएलडिकोडर वेब फॉर्मच्या मजकुरासाठी घडवलेला असल्याने अधिकचिन्हाची मोकळी जागा करतो, आणि ‘सी++.पीडीएफ’ मधली दोन्ही चिन्हे नाहीशी होतात. हे टाळण्यासाठी त्याच्याकडे देण्यापूर्वी प्रत्येक अधिकचिन्हाच्या जागी ‘%२बी’ घालावे.

पाथ तिरप्या रेघेवरच संपला, तर हाती रिकामे नाव येते. अशा वेळी सर्व्हरच्या उत्तरातला कंटेंट-डिस्पोझिशन हा हेडर, म्हणजे उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ, पाहावा. फाइल कोणत्या नावाने जतन करावी हे सर्व्हर त्यात सुचवू शकतो. नाव पत्त्यातून आलेले असो वा हेडरमधून, ते बाहेरचेच असते. त्यात तिरपी किंवा उलटी तिरपी रेघ असल्यास, किंवा ते नुसतेच ‘..’ असल्यास, ते डिस्कवर वापरण्याआधी नाकारावे, नाहीतर फाइल ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर लिहिली जाऊ शकते.