स्ट्रेंग्थचे बोनस स्टॅक करायचे की नाही, हा वाद आला कुठून

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाच्या १९७४ च्या मूळ नियमांत स्ट्रेंग्थमुळे, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या आकड्यामुळे, ना टू-हिट (वार लागायची शक्यता) वाढायचं ना डॅमेज (वाराने होणारी इजा), त्यामुळे तेव्हा स्टॅकिंगचा, म्हणजे बोनसवर बोनस चढवायचा, प्रश्नच नव्हता. १९७५ च्या पहिल्या पुरवणीत ते बोनस आले, आणि फायटरला (लढवय्या पात्राला) १८ च्या पुढे टक्के टाकायची सोयही आली, म्हणजे १८/०१ पासून १८/०० (०० म्हणजे १००) पर्यंत.

पण सगळ्या हाऊस रूल्सचं, म्हणजे खेळणाऱ्यांनी आपापले केलेल्या नियमांचं, मूळ म्हणाल तर ते १९७९ च्या डीएमच्या (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) पुस्तकात, दोन जादूच्या वस्तूंत आहे. गॉन्टलेट्स ऑफ ओग्रे पॉवर हे हातमोजे घातले की हातात १८/०० ची ताकद येते असं तिथे म्हटलंय, आणि लगेच पुढे मारताना +३ टू-हिट आणि +६ डॅमेज ‘ॲड’ होतं असंही म्हटलंय. आता हा ‘ॲड’ घ्यायचा कसा? समजा फायटरची स्वतःची स्ट्रेंग्थ १७ आहे, म्हणजे त्याचे टू-हिट +१ आणि डॅमेज +१ आहेतच. गॉन्टलेट्स घातल्यावर त्याची स्ट्रेंग्थ १८/०० *झाली* म्हणायचं, तर डॅमेज +६. आणि गॉन्टलेट्सनी वरून *दिलं* म्हणायचं, तर +७. एका आकड्याचा फरक, पण त्यावर दुसरी वस्तू, गर्डल ऑफ जायंट स्ट्रेंग्थ हा कमरपट्टा, चढवा. हिल जायंटच्या गर्डलचं डॅमेज +७, स्टॉर्म जायंटच्या गर्डलचं +१२. सगळं बेरजेत धरलं तर स्टॉर्मवाला फायटर नुसत्या ताकदीवर +१९ ने (१२ + ६ + १) मारतो, मग डीएमने समोर काय उभं करायचं?

माझ्या मते उत्तर त्याच पुस्तकात होतं. हॅमर ऑफ थंडरबोल्ट्स या जादूच्या हातोड्याच्या वर्णनात मुद्दाम सांगितलंय की हा हातोडा, गर्डल आणि गॉन्टलेट्स तिन्ही असतील तर गर्डल आणि गॉन्टलेट्स दोन्हींचे बोनस मिळतात. एरवीही मिळत असते तर ते वेगळं लिहायची गरज काय होती? तरी बरेच डीएम उलटं वाचायचे, की हातोड्याला चालतं तर तलवारीला का नाही. मग मधले मार्ग निघाले, सगळ्यात मोठा बोनस पूर्ण आणि बाकीचे अर्धे, किंवा प्रत्येक जादा वस्तूला फक्त +१. १९८९ च्या सेकंड एडिशनने एरवी स्टॅक होत नाही असं स्पष्ट केलं, पण तोवर टेबलांवर सवयी पक्क्या झालेल्या.

२००० साली थर्ड एडिशनने बोनसना टाइप दिले. या वस्तूंचा टाइप एन्हान्समेंट, आणि एन्हान्समेंटवर एन्हान्समेंट चढत नाही, त्यामुळे +२ चे गॉन्टलेट्स आणि +४ चा बेल्ट (जुना गर्डलच) मिळून स्ट्रेंग्थला +४ च. झालं भांडण मिटलं असं वाटलं, पण वेगळ्या टाइपचे आणि बिनटाइपचे बोनस चढतातच. २००३ च्या ३.५ या सुधारित आवृत्तीत १८ स्ट्रेंग्थच्या बार्बेरियनला (रानटी योद्ध्याला) +६ चा बेल्ट, +५ इन्हेरंट (कायमचा बोनस), रेजचे म्हणजे संतापाचे +४ आणि आकार वाढवणाऱ्या एन्लार्ज मंत्राचे साइझ +२ लावा, सरळ ३५ होतात आणि सगळं नियमात बसतं. म्हणजे स्टॅकिंग थांबलं नाही, फक्त शॉपिंग लिस्ट लांबली. ३.५ वरूनच निघालेल्या २००९ च्या पाथफाइंडर खेळाने रेजला मोराल (मनोबल) टाइप लावला तो याच बिनटाइपच्या भोकाला बूच म्हणून, असं मला वाटतं.

२०१४ च्या फिफ्थ एडिशनने बेरीजच काढून टाकली. गॉन्टलेट्स घातले की स्ट्रेंग्थ १९, हिल जायंट बेल्टने २१, स्टॉर्मने २९, जो मोठा तो लागू. स्वच्छ नियम आहे, मला आवडतो, पण १८ वाल्या फायटरला गॉन्टलेट्समधून काहीच मिळत नाही कारण १८ आणि १९ दोन्हींचा मॉडिफायर, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, +४, आणि ८ वाला विझर्ड तेच घालून त्याच्या बरोबरीला येतो. ज्याने लेव्हलमागून लेव्हल घालवून ताकद कमावली त्याला हे लागणारच. म्हणून ‘गॉन्टलेट्सना सरळ +२ द्या’ हा हाऊस रूल परत आला, आणि +२ म्हटलं की बेल्टवर चढतो का, हे आलंच. हातोडा मात्र २०१४ च्या नियमांतही अपवादच होता, बेल्ट आणि गॉन्टलेट्स दोन्ही अंगावर असतील तर स्ट्रेंग्थ ४ ने वाढायची, ३० च्या वर नाही, आणि त्यासाठी अट्यूनमेंटचे, म्हणजे जादूच्या वस्तूंशी पात्र जोडायचे, तिन्ही स्लॉट जायचे.