रूळ हैदराबादकडे, माणसं पुण्याकडे

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याला रेल्वेनं जायचं तर गाडी आधी उलट्या दिशेनं, अंकाई-मनमाडकडे धावते आणि तिथून वळसा घालून अहिल्यानगर, दौंड करत पुण्याला पोचते. त्यामुळे रोजचा प्रवासी रेल्वेच्या वाटेला जात नाही. तो एसटी पकडतो, नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स. रूळ असे वाकडे का, याचं उत्तर सोपं आहे. ते पुण्यासाठी टाकलेच नव्हते.

सिकंदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. निझामाच्या राजधानीला गोदावरी खोऱ्यातल्या कापसाशी आणि पुढे मुंबईच्या मुख्य मार्गाशी जोडणं हा त्यामागचा हेतू. नांदेड, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद ही गावं या एका दोरीत ओवली गेली. स्टेशन आलं तिथं मोंढा, म्हणजे शेतमालाची बाजारपेठ वाढली, कापसाचं जिनिंग-प्रेसिंग आलं. पण मनमाडला मोठी अडचण होती. तिथून पुढे ब्रॉडगेज, म्हणजे जास्त रुंद रूळ, त्यावर मीटरगेजची गाडी चालत नाही. म्हणजे जालन्याच्या कापसाच्या गाठी उतरवायच्या, हमालांनी दुसऱ्या वाघिणीत चढवायच्या, मग मुंबई. माणसांचंही तेच. ‘मनमाडला गाडी बदलायची’ हे वाक्य मराठवाड्यातल्या तीन-चार पिढ्यांनी ऐकलं, कारण हा मार्ग ब्रॉडगेज व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

लातूरची गोष्ट वेगळी. तिथं १९११ मध्ये पोचली ती बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज. ती कुर्डुवाडीकडे जायची. त्यामुळे लातूरच्या मोंढ्याचं तोंड सोलापूर-मुंबईकडे राहिलं. बीडला तर कुठलाच रूळ मिळाला नाही.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान, मराठवाडा त्याचाच भाग, भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. कचेऱ्यांचे कागद मुंबईकडे जाऊ लागले, रूळ मात्र तिथेच. २००३ मध्ये नांदेडला स्वतंत्र रेल्वे विभाग झाला, तोही दक्षिण मध्य रेल्वेत, मुख्यालय सिकंदराबाद! मराठवाड्याच्या रेल्वेचं गाऱ्हाणं आजही तेलंगणाच्या राजधानीशेजारी जाऊन मांडावं लागतं, ते यामुळे.

मग औरंगाबाद वाढलं कशावर? १९०१ च्या जनगणनेत छावणी धरून ३६,८३७ माणसं असलेलं हे गाव १९५१ पर्यंत लाखाच्या आतच होतं. १९५८ मध्ये विद्यापीठ आलं, साठच्या दशकात चिकलठाण्याला एमआयडीसी. मागास भागात कारखाना काढणाऱ्याला सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ ची. पण खरी कलाटणी वाळूजची. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथं सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या छोट्या शेडांचं जाळं उभं राहिलं. ‘कंपनीत लागला’ हे शब्द लग्नाच्या बोलण्यांत वजन धरू लागले. लक्षात घ्या, तेव्हा ब्रॉडगेज आलेलीच नव्हती. कच्चा माल आला नगर रस्त्यानं, ट्रकमधून. तयार स्कूटरी गेल्या त्याही ट्रकमधूनच.

आकडे पाहा. १९८२ मध्ये महापालिका झाली, आजूबाजूची गावं हद्दीत आली. १९९१ मध्ये लोकसंख्या ५ लाख ७३ हजार, २००१ मध्ये ८ लाख ७३ हजार, २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार. म्हणजे दर दहा वर्षांत तीन-तीन लाख माणसं. यातही वाळूजची कामगार वस्ती धरलेली नाही. बजाजनगर भरगच्च शहरासारखं दिसतं, पण महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत. मोजणाऱ्याला ते दिसत नाही, जालना रोडवर संध्याकाळी अडकलेल्याला दिसतं.

शहरातल्या वाहतुकीची जबाबदारी या सगळ्या काळात कुणी नेटानं घेतली असं म्हणता येत नाही. कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी बस लावल्या, बाकीच्यांना शेअर रिक्षा. शहर बस सुरू व्हायची, बंद पडायची. स्मार्ट सिटी योजनेतल्या नव्या बस रस्त्यावर आल्या त्या २०१९ मध्ये, तोवर घरटी एक दुचाकी येऊन उभी होती. दुचाकी बनवणाऱ्या शहरात हे व्हायचंच.

लातूरला उशिरा आलेल्या ब्रॉडगेजनं एक वेगळीच कामगिरी केली. कुर्डुवाडी-लातूर रूपांतर २००८ मध्ये पुरं झालं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ती आली मिरज-कुर्डुवाडी-लातूर या जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेनं. जिथून शंभर वर्षं धान्य आणि कडधान्य बाहेर गेलं, तिथून पिण्याचं पाणी आत आलं.

रस्त्यांचं काम त्या मानानं वेगानं झालं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तो जालना आणि संभाजीनगरवरूनच जातो. शेंद्रा-बिडकीनची ऑरिक औद्योगिक नगरी याच पट्ट्यातली.

आणि बीड? अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. बीडच्या स्टेशनातून पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. दरम्यानच्या तीस वर्षांत बीडचा ऊसतोड मजूर दर दिवाळीच्या आसपास ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात जातच होता.