दगडखाण, तांबडा थर आणि कोयनेचे धक्के

पाटण किंवा शिराळ्याच्या बाजूला नवी दगडखाण काढायची म्हटली की भूकंपाचा विषय अहवालात एका ओळीत उरकतात: ‘क्षेत्र चार’, म्हणजे देशाच्या भूकंप-नकाशातला जास्त धोक्याचा पट्टा. ओळ खरी आहे. पण खाणीचा कडा टिकेल की ढासळेल, हे तिच्यातून कळत नाही.

1967 पर्यंत दख्खनच्या या काळ्या पाषाणाला भूकंपाचं भय नाही, असंच मानलं जायचं. त्या वर्षी 11 डिसेंबरच्या पहाटे 6.3 क्षमतेचा धक्का बसला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. म्हणून जुन्या नोंदी चाळताना ‘मोठा भूकंप किती वेळा झाला’ याच्या आधी ‘नोंद कधीपासून आहे’ हे विचारावं. इथली भूकंपमापक यंत्रं कोयना धरणाच्या काळातली. त्याआधीची पानं कोरी दिसतात, पण ती कोरीच होती असं कोण सांगणार?

नोंदींचा नकाशाही एका जागी थांबलेला नाही. 1985 पासून वारणेचं धरण भरू लागलं आणि नव्वदच्या दशकात धक्क्यांची वर्दळ दक्षिणेकडे, चांदोलीच्या दिशेला वाढली. जलाशयाचं पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो ती भेग, हलतो.

तो भ्रंश शोधणं मात्र किचकट. गोठणे इथे 3 किलोमीटर खोल विंधन विवर घेतलं तेव्हा बेसॉल्ट, म्हणजे वरचा काळा पाषाण, सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला. खाली ग्रॅनाइटी खडक, आणि धक्के त्याच्या पोटात. वर खाणीत दिसणाऱ्या बहुतेक फटी लाव्हा थंड होताना पडलेल्या असतात. त्यांना भ्रंश समजून घाबरण्यात अर्थ नाही. पाहायचा तो दोन लाव्हाथरांमधला तांबडा मातकट थर. कड्यावर त्याची रेघ सरळ चालत आली आणि एका फटीपाशी अचानक हातभर वर किंवा खाली गेली, तर तिथे खडक सरकलाय. पण कधी? कालचा की कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, हे रेघ सांगत नाही. त्यासाठी बारीक धक्क्यांची केंद्रं त्याच रेषेत येतात का आणि ओढ्याकाठचा नवा गाळही तुटलाय का, ते बघावं लागतं.

यात सुरुंग घोळ घालतात. स्फोटाची पहिली लाट सगळ्या नोंदणी केंद्रांवर जमीन बाहेरच्या दिशेने ढकलते, खोली जवळपास शून्य निघते आणि वेळही नेमकी कामाची असते. असे ‘भूकंप’ यादीतून वगळले नाहीत तर सगळा हिशेब फसतो.

प्रत्यक्ष कड्यासाठी मला फटींचा उतार सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो खाणीच्या पोटाकडे असेल तर कडा ढासळायला 4 क्षमतेचा जवळचा धक्काही पुरतो, विशेषतः फटीत पाणी असताना. कोयनेत धक्के बहुधा जलाशय भरत आल्यावर वाढतात आणि पुढे हिवाळ्यात, पाणी उतरताना, पुन्हा वाढतात. पावसाळ्यानंतर काम सुरू करताना आधी वरचं पाणी चर काढून बाजूला वळवावं, सुटे दगड पाडून घ्यावेत आणि मगच माणसं खाली उतरवावीत.