सरासरी कुणाची वजा करायची? मेंदूच्या गट-विश्लेषणातील कोव्हेरिएटची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या तालमींतले 20 पैलवान आणि तालमीत न जाणारे 20 तरुण यांचे एफएमआरआय स्कॅन (मेंदूच्या कामकाजाचं चित्रण) घेतले, असं धरू. आकडे कळावेत म्हणून रचलेलं हे उदाहरण आहे. पैलवानांचं सरासरी वय 22, दुसऱ्या गटाचं 28. एका व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे स्कॅनमधल्या मेंदूच्या एका छोट्या घनात, पैलवानांचा सरासरी प्रतिसाद 1.20, इतरांचा 1.00. दोन्ही गटांत वय वर्षाने वाढलं की प्रतिसाद 0.02 ने उतरतो. आता वय कोव्हेरिएट म्हणून, म्हणजे ज्याचा परिणाम हिशेबात धरायचा असा जोडीचा आकडा म्हणून, घातलं आणि त्यातून सगळ्यांची मिळून सरासरी, म्हणजे 25, वजा केली, तर गटांतला फरक 0.08 येतो. प्रत्येक गटाची आपापली सरासरी वजा केली, तर 0.20. डेटा तोच, गणितही दोन्हीकडे बरोबर. प्रश्न मात्र वेगळे विचारले गेले: पहिला, वय सारखं असतं तर फरक किती; दुसरा, आपापल्या सरासरी वयाला फरक किती.

या गोंधळाचं मूळ शेतात आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1919 पासून काम करत होते. पंचगंगेकाठची मळीची जमीन आणि वरचं माळरान यांत ऊस सारखा येत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. फिशर यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हिशेब मांडला तो असा: खत घालण्याआधीचं त्याच तुकड्याचं उत्पन्न कोव्हेरिएट म्हणून घ्या, म्हणजे जमिनीचा फरक वजा होईल. यामागे एक अट होती. कोणत्या तुकड्याला कोणतं खत, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं असायचं. त्यामुळे कोव्हेरिएट आणि गट यांचा मुळात संबंधच नसायचा.

मेंदूच्या प्रतिमांत ही पद्धत आली ती पीईटीमधून, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य वापरून घेतलेल्या स्कॅनमधून. 1990 मध्ये मेंदू-संशोधक कार्ल फ्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण मेंदूचा रक्तप्रवाह कोव्हेरिएट धरून एकेका भागातला बदल वेगळा काढला. 1995 च्या त्यांच्या लेखाने जनरल लिनिअर मॉडेल (प्रतिसाद म्हणजे गट, वय अशा घटकांच्या परिणामांची बेरीज, असं मानणारं गणित) हीच या क्षेत्राची रोजची भाषा केली. चौकट आली, पण चिठ्ठ्यांची अट मागे राहिली. पैलवान कोण, हे चिठ्ठीने ठरत नाही.

याचा इशारा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक लॉर्ड यांनी 1967 मध्येच दिला होता. त्यांच्या काल्पनिक उदाहरणात मुलामुलींच्या वजनाचा एकच डेटा दोन संख्याशास्त्रज्ञ तपासतात. वजनवाढीत फरक नाही, असं एक म्हणतो. सुरुवातीचं वजन कोव्हेरिएट घेणारा दुसरा म्हणतो, फरक आहे. आपल्या उदाहरणात वजन घालून पाहा. सगळे पैलवान 90 किलोच्या वर आणि बाकीचे 65 च्या आसपास असतील, तर मॉडेल तुलना करतं सुमारे 78 किलोवर, जिथे एकही माणूस नाही. शिवाय वजन हा पैलवानकीचाच भाग आहे. ते वजा केलं की गटाचा अर्थच खरवडला जातो. अशा वेळी कोव्हेरिएट न घालणंच आम्हाला योग्य वाटतं. वयाचा तोल मात्र माणसं निवडतानाच सांभाळावा.

दोन्ही गटांना वेगवेगळे उतार (वय वर्षाने वाढलं की प्रतिसाद किती बदलतो तो आकडा) दिले की सरासरी वजा करण्याला खरी धार येते. डिझाइन मॅट्रिक्समध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या तक्त्यात, चार स्तंभ: दोन गटांचे, दोन वयाचे. कोणत्या स्तंभांच्या आकड्यांची तुलना करायची, हे सांगणारे अंक म्हणजे कॉन्ट्रास्ट. गटफरकाचा कॉन्ट्रास्ट 1, -1, 0, 0 आणि उतारांतल्या फरकाचा 0, 0, 1, -1. समजा पैलवानांचा उतार -0.05, इतरांचा -0.01. 25 वर्षांवर फरक फक्त 0.02. वय कच्चंच ठेवलं, तर तोच कॉन्ट्रास्ट शून्य वयाची तुलना करतो आणि फरक 1.02 दाखवतो. नकाशा लालभडक दिसतो, पण तो नवजात बाळांबद्दल बोलत असतो. म्हणून आधी उतारांचा कॉन्ट्रास्ट पाहावा. उतार खरोखर वेगळे असतील, तर गटफरकाचा एकच आकडा सांगू नये.

सॉफ्टवेअरवर विसंबू नका. मेंदूच्या प्रतिमांचं एसपीएम हे सॉफ्टवेअर, वेगळं काही सांगितलं नाही तर, सगळ्यांची सरासरी वजा करतं. अफ्नी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला थ्रीडी-टीटेस्ट-प्लस-प्लस हा गटांची तुलना करणारा प्रोग्रॅम तसाच गटागटाची. एकाच डेटावर दोघांची उत्तरं जुळत नाहीत, ती यामुळेही. दोन गटांच्या स्तंभांसोबत सगळे 1 असलेला तिसरा स्तंभ टाकू नये. तो पहिल्या दोघांची बेरीजच असतो आणि गटांचे आकडे एकेकटे ठरवता येत नाहीत.

सर्वांत महाग पडते ती ओळींची अदलाबदल. फाइलींच्या यादीत 10 हा क्रमांक 2 च्या आधी येतो, एक्सेलच्या तक्त्यात नंतर. मॉडेल तक्रार न करता चालतं आणि एकाचं वय दुसऱ्याच्या मेंदूला चिकटतं. क्रमांक 02, 10 असे लिहावेत, न मिळालेल्या वयाच्या जागी 0 किंवा 999 राहिलं नाही ना हे पाहावं, आणि स्कॅनच्या फाइलींची नावं व वयाचा स्तंभ शेजारी छापून सगळ्या 40 ओळी बोट ठेवून वाचाव्यात.