सोलापूरहून किंग्स्टनला जायचं, तर वाटेत इंग्लंड का लागतं?

सोलापूर आणि जमैकाची राजधानी किंग्स्टन जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत: एक 17.7 अंश उत्तर, दुसरं 18. सबायना पार्कचं मैदान तिथलंच, म्हणजे सोलापूरच्या क्रिकेटवेड्यांना हे नाव नवं नाही. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली की वाट अगदी सरळ पश्चिमेला जाते. अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक की पोचलो. हे अंतर भरतं सुमारे 16,200 किलोमीटर.

आता पृथ्वीगोल घ्या आणि या दोन ठिपक्यांमध्ये दोरा घट्ट ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. सोलापुरातून वायव्येला निघून तो सुरतेच्या आसपास पोचतो, मग सिंध, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असं करत थेट इंग्लंडच्या हल शहराजवळ 53.7 अंशांपर्यंत चढतो, आणि आयर्लंडनंतर अटलांटिकवरून तिरका खाली उतरतो. या वाटेचं अंतर सुमारे 15,050 किलोमीटर, म्हणजे हजारभर किलोमीटरची बचत! गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्‌वृत्त म्हणतात. सपाट नकाशात ती वाकडी दिसते, हा दोष नकाशाचा. गोल पृथ्वी कागदावर पसरताना कुठेतरी ताणावीच लागते.

हे अंतर किती मोठं आहे, ते बघा. सिंगापूर ते न्यूयॉर्क ही जगातल्या सर्वांत लांब नियमित विमानसेवांपैकी एक, सुमारे 15,350 किलोमीटरची. होटगी रोडच्या विमानतळावरून अशी सेवा नाही, पण हिशोब करायला काय हरकत आहे? ताशी 900 किलोमीटरने पावणेसतरा तास. मात्र हा वारा नसतानाचा आकडा. मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात, हिवाळ्यात कधीकधी ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने. जाताना ते अंगावर येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून एकाच अंतराला जाण्या-येण्याचे वेगवेगळे तास लागतात. पृथ्वी खालून फिरते म्हणून हा फरक पडतो, असं अनेकांना वाटतं. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. फरक पाडतो तो जमिनीच्या तुलनेत वाहणारा वारा.

घड्याळाची गंमत निराळीच. किंग्स्टन आपल्या साडेदहा तास मागे. सकाळी 8 वाजता निघून साडेसतरा तास उडालात, तरी तिथे त्याच दिवशीचे दुपारचे 3 वाजलेले असतील.

आणि भूमितीने दिलेली वाट आकाशात मोकळी असेलच असं नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. आपला दोरा नेमका या दोन्ही देशांवरून जातो. असा वळसा पडला की अंतर वाढतं, इंधन जास्त लागतं, आणि कधी ते भरण्यासाठी मध्येच उतरावं लागतं. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळांवरच्या आकड्यात यातलं काहीच धरलेलं नसतं. तो आकडा फक्त दोऱ्याचा.